सिनेमॅटिक शूटर खेळून निराश झालात? आधी या चुका टाळा

कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे ठेवणाऱ्या आणि चित्रपटासारखी कथा उलगडत नेणाऱ्या थर्ड पर्सन शूटर गेमविषयी मला वर्षानुवर्षे एकच तक्रार ऐकू येते: दिसायला देखणा, पण खेळायला कंटाळवाणा. यातल्या काही तक्रारी रास्त असतात, कारण या प्रकारात फसलेले गेम खरोखरच आहेत. परंतु नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी टीव्ही, कन्सोल आणि संगणक लावून देताना मला सारखे आढळते, की गेमच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे कोणी पाहिलेलेच नसते. या प्रकारच्या गेमची सारी मदार चित्र, आवाज आणि लय यांवर असते, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या घरात, आपल्याच हाताने सहज बिघडतात.

टीव्हीचा पिक्चर मोड न बदलता खेळायला बसणे

ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण ती सर्वांत सोपी आहे आणि तिने सर्वांत मोठे नुकसान होते. गेम सिनेमासारखा आहे म्हणून टीव्हीचा मोडही ‘सिनेमा’ किंवा ‘व्हिव्हिड’ ठेवावा, असा विचार पुष्कळ जण करतात. या मोडमध्ये टीव्ही आलेली फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातले एकेक स्थिर चित्र, लगेच दाखवत नाही. तो ती रोखून धरतो, पुढच्या फ्रेमशी ताडून पाहतो, मधली फ्रेम स्वतः तयार करतो (यालाच स्मूदिंग म्हणतात), रंग आणि कडा सुधारतो, आणि मगच चित्र पडद्यावर येते. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते आणि ३० फ्रेमच्या गेममध्ये ३३.३ मिलिसेकंदांची. टीव्हीच्या या उठाठेवीमुळे होणारा विलंब मात्र कित्येकदा १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. चित्रपट पाहताना हा विलंब जाणवत नाही, कारण तिथे आपण काही करत नसतो. नेम धरताना तोच विलंब खेळाचा जीव घेतो.

कांदिवलीला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने लॅमिंग्टन रोडवरून ‘द ऑर्डर: १८८६’ची सेकंडहँड डिस्क आणली आणि दोन संध्याकाळी खेळून मला फोन केला. “ताई, पैसे पाण्यात गेले,” तो म्हणाला. “नेम धरेपर्यंत समोरचा हललेला असतो, गोळी मागाहून सुटते, आणि कुठून तरी न दिसणारी माणसं मला मारतात.” २०१५ साली प्लेस्टेशन ४ साठी आलेला हा गेम मुळातच सेकंदाला ३० फ्रेमने चालतो आणि त्यावर टीकाही भरपूर झाली आहे, तरी ‘न दिसणारी माणसं’ हे वर्णन ऐकून मला गेमपेक्षा टीव्हीचाच संशय आला. रविवारी मी त्याच्या घरी गेले.

हॉलमध्ये नवा टीव्ही होता आणि त्यावर चाललेल्या प्रसंगात पात्रांचे चेहरे दैनंदिन मालिकेतल्यासारखे गुळगुळीत सरकत होते. कॅमेरा फिरवला की बंदुकीच्या नळीभोवती थरथरणारी पुसट कडा दिसत होती. स्मूदिंग चालू असल्याची ही ठळक खूण आहे आणि ती एकदा ओळखली की परत कधी नजरेतून सुटत नाही. त्याहून मोठा घोटाळा पुढे होता. या गेमच्या निर्मात्यांनी चित्र जाणीवपूर्वक २.४०:१ या रुंद चौकटीत मांडले आहे, म्हणजे १९२० बाय १०८० च्या पडद्यावर फक्त १९२० बाय ८०० एवढाच भाग वापरला जातो आणि वर व खाली प्रत्येकी १४० ओळींची काळी पट्टी राहते. एवढा मोठा टीव्ही घेऊन पडदा रिकामा का ठेवायचा, असे काकांना वाटले आणि त्यांनी रिमोटवरून ‘झूम’ लावला. पट्ट्या गेल्या, पण त्याबरोबर दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे एक चतुर्थांश चित्र पडद्याबाहेर गेले. मावसभावाला मारणारी माणसे त्या कापलेल्या भागात उभी होती.

मी झूम काढून टीव्हीचे मापन मूळ आकारावर आणले, पिक्चर मोड ‘गेम’ केला आणि स्मूदिंग बंद झाल्याची मेनूत जाऊन खात्री केली. मग त्याला तोच प्रसंग पुन्हा खेळायला दिला. बटण दाबताच बंदूक वर येते हे पाहून त्याने तो प्रसंग लगेच आणखी एकदा खेळला. पुढे त्याने गेम पूर्ण केला आणि गेम फार तोकडा आहे व कथा अर्ध्यावर सोडून दिल्यासारखी वाटते, असे मला सांगितले. हे मत मला पूर्ण मान्य आहे, कारण ते आता खरोखर गेमविषयीचे मत होते. काळ्या पट्ट्या आणि ३० फ्रेम यांवरही कोणाला आक्षेप घेता येईल, मात्र तो निर्मात्यांच्या निवडीवरचा आक्षेप असावा, आपल्या रिमोटवरचा नव्हे.

या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बऱ्याच टीव्हींमध्ये पिक्चर मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा साठवला जातो, त्यामुळे सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टवर केलेला बदल कन्सोलच्या पोर्टला लागू होतोच असे नाही. नव्या टीव्हीत आणि कन्सोलमध्ये ऑटो लो लेटन्सी मोड असेल, तर गेम सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो, पण ही सोय पुष्कळदा मेनूत बंद असते. माझी स्वतःची सवय अशी, की मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेवून अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत टिपायचे आणि बटण दबल्यापासून चित्र हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजायचे. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. प्रयोगशाळेतल्या मोजणीइतके हे अचूक नसते, तरी दोन मोडमधला फरक उघड दिसतो आणि घरातल्या वादावर तिथेच पडदा पडतो.

दुसऱ्याचे आकडे उचलणे

वेगवान ऑनलाइन शूटर खेळणाऱ्या एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचे सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे स्टिक हलवल्यावर नेम किती वेगाने फिरावा याचे आकडे व्हिडिओत पाहून तसेच्या तसे इथे भरणे, हा मला न पटणारा शॉर्टकट आहे. सिनेमॅटिक शूटरमध्ये नायकाला वजन दिलेले असते, तो वळताना पाय रोवतो, खांदा फिरवतो, आणि कॅमेरा त्याच्यामागून किंचित उशिरा येतो. हा जडपणा मुद्दाम ठेवलेला असतो. तिथे संवेदनशीलता वाढवली की नेम लक्ष्याच्या पलीकडे जातो, परत ओढला की अलीकडे येतो, आणि खेळणारा नियंत्रणच वाईट आहे असे ठरवून मोकळा होतो. मी पहिल्या प्रसंगात शत्रू येण्यापूर्वी एका भिंतीसमोर उभी राहते, दोन खुणा निवडते, एकीवरून दुसरीवर नेम नेते आणि नेम पुढे घसरायचा थांबेपर्यंत आकडा कमी करत जाते. कंट्रोलर जुना होऊन स्टिक आपोआप सरकत असेल, तर डेड झोन (स्टिकची किती हालचाल दुर्लक्षित करायची ती मर्यादा) सरकणे थांबेल इतकाच वाढवावा, त्याहून अधिक नको.

मोशन ब्लरमुळे, म्हणजे हालचालीत चित्र पुसट दाखवण्यामुळे, गरगरत असेल, तर तो बिनदिक्कत बंद करावा. संगणकावर फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी दिसणाऱ्या दृश्याची रुंदी) वाढवण्याची सोय असल्यास तीही वापरावी.

पहिल्याच दिवशी ‘हार्ड’ निवडणे आणि खांबामागे बसून राहणे

या दोन चुका जोडीने येतात, म्हणून एकत्र सांगते. अनेक सिनेमॅटिक शूटरमध्ये अवघड पातळी म्हणजे शत्रू हुशार होणे नव्हे. त्यांना अधिक गोळ्या लागतात आणि त्यांच्या गोळ्या आपल्याला अधिक लागतात, एवढाच काय तो फरक असतो. लेखकाने आणि दिग्दर्शकाने पाच मिनिटांसाठी रचलेली चकमक त्यामुळे अर्ध्या तासावर जाते, पाठलागातला श्वास निघून जातो, आणि तोच संवाद पुन्हा पुन्हा ऐकून पात्राविषयी वाटणारी आस्था आटते. आमच्या इमारतीतल्या एका महाविद्यालयीन मुलाने मित्रांना दाखवण्यासाठी अशीच अवघड पातळी धरली, एका जिन्यावर अडकला, पातळी उतरवणे कमीपणाचे वाटल्याने उरलेला गेम व्हिडिओवर पाहिला, आणि कथेत दम नाही असा निकाल देऊन टाकला. जी कथा त्याने खेळलीच नाही, तिच्याविषयीचा तो निकाल होता. पहिल्या खेपेला ‘नॉर्मल’ घ्यावे, आणि गेम आवडला तर दुसऱ्या खेपेला खुशाल अवघड पातळी घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

अवघड पातळीमुळे माणूस खांबाला चिकटतो. खांद्यामागचा कॅमेरा २००५ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ने आणि आडोसा घेऊन लढण्याची पद्धत २००६ च्या ‘गिअर्स ऑफ वॉर’ने रूढ केली. या दोन्हींच्या मेळातून थर्ड पर्सन शूटरचा खास फायदा मिळतो: आपण भिंतीआड असतो, पण कॅमेरा भिंतीच्या कडेपलीकडचे पाहू शकतो. याचा उपयोग पुढचा आडोसा निवडण्यासाठी करायचा असतो. नवशिके त्याचा उपयोग फक्त जिवंत राहण्यासाठी करतात. एका जागी बसतात, डोके वर आले की गोळी झाडतात, पुन्हा बसतात, आणि तासाभराने सगळ्या चकमकी सारख्याच आहेत म्हणतात. मी आडोशाला पाठ लावली की आधी पुढची जागा ठरवते, गोळीबार थोडा थंडावला की तिकडे धावते, आणि मॅगझिन पूर्ण संपण्यापूर्वी आडोशातच रीलोड करते. असे खेळले की त्याच दालनात बाजूने जाणारा जिना, फुटणारी काच, शत्रूंनी मोकळी सोडलेली कड या गोष्टी दिसू लागतात. एवढे करूनही प्रत्येक दालन सारखेच वाटत असेल, तर दोष रचनेचा आहे आणि तो स्पष्ट बोलून दाखवावा.

प्रसंग स्किप करून कथेला नावे ठेवणे

‘मॅक्स पेन ३’मध्ये दृश्ये चालू असताना पडद्याआड पुढचा भाग लोड होत असतो, त्यामुळे घाई करून फारसे काही साधत नाही. अरुंद फटीतून सरकणे आणि जड दरवाजा हळूहळू ढकलणे यांमागेही पुष्कळदा हेच कारण असते. २०१६ च्या ‘क्वांटम ब्रेक’मध्ये तर अंकांच्या मध्ये प्रत्यक्ष कलाकारांनी अभिनय केलेले, वीस मिनिटांच्या आसपासचे भाग आहेत आणि खेळताना केलेल्या निवडींचे पडसाद त्यांत उमटतात. ज्याला हे पाहण्याचा धीर नाही, त्याने हा प्रकारच विकत घेऊ नये, कारण त्याला हवी असलेली अखंड गोळीबाराची मजा देणारे उत्तम गेम वेगळे आहेत. मात्र नियंत्रण दर दोन मिनिटांनी हातातून काढून घेणाऱ्या आणि मध्येच एखादे बटण दाबायला लावून त्यालाच खेळ म्हणवणाऱ्या गेमवर मीही चिडते.

टीव्हीच्या स्पीकरवर संवाद पुटपुटल्यासारखे आणि गोळीबार कानठळ्या बसवणारा येत असेल, तर ऑडिओ मेनूत डायनॅमिक रेंज (हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर) कमी करावी आणि सबटायटल चालू ठेवावेत. अंधारी दृश्ये राखाडी किंवा काळीकुट्ट दिसत असतील, तर कन्सोल आणि टीव्ही दोन्हींवर आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची व्याप्ती ठरवणारी सेटिंग) जुळवावी. मूळ फ्रेमदर ६० च्या आसपास नसेल, तर फ्रेम जनरेशनच्या, म्हणजे मधल्या फ्रेम ग्राफिक्स कार्डाकडून बनवून घेण्याच्या, नादी लागू नये.

संगणकावर शेडर तयार होऊ न देणे

गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर, म्हणजे प्रकाश आणि पृष्ठभाग रंगवणारे ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, तयार होत असल्याची पट्टी दिसते आणि उतावीळ माणूस ती ओलांडून थेट खेळायला लागतो. मग ते काम खेळतानाच होत राहते आणि प्रत्येक नव्या स्फोटाला चित्र अडखळते. २०२३ च्या मार्चमध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ संगणकावर आला, तेव्हा शेडरला लागणारा वेळ आणि एकंदर अडखळणे यांवर मोठी ओरड झाली होती आणि त्यानंतर अनेक दुरुस्त्या आल्या. म्हणून मी पहिल्या दिवशी गेम उघडून शेडर पूर्ण होऊ देते, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की ते पुन्हा होणार हे गृहीत धरते, आणि संगणकावरचा गेम शक्यतो पहिल्या आठवड्यात विकत घेत नाही.

मुंबईच्या दमट हवेत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कन्सोल हॉलमधल्या शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवला, तर गरम हवा तिथेच घुमते, पंखा घोंघावतो आणि यंत्र तापून बंदही पडते. मागची बाजू उघडी ठेवावी आणि जाळीवरची धूळ नियमित झाडावी.

हे सारे करूनही गेम निराशाजनक वाटला, तर निमूटपणे गिळण्याचे कारण नाही. संगणकाच्या गेमचे ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. शेडर तयार होण्याचा वेळही खेळाच्या वेळातच धरला जातो, हे विसरू नये, म्हणून ते झाल्यावर किती वेळ उरला ते पाहून पुढचे ठरवावे. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवसांची मुदत आहे, पण डाउनलोड सुरू केले की मत बदलले एवढ्याच कारणावर पैसे मिळत नाहीत. डिस्क घेतली असेल, तर खोका आणि कव्हर नीट ठेवावे आणि गेम संपताच ती विकायला काढावी. नवा गेम जसजसा जुना होतो, तसतशी दुकानात त्याला मिळणारी किंमत उतरत जाते.