मोटारसायकलचे गंजलेले स्पोक: काय वाचवावे, काय बदलावे आणि जाम निपल कसे सोडवावे

मोटारसायकलचे स्पोक गंजले की बहुतेक जण ते पुन्हा चकचकीत कसे करायचे एवढेच विचारतात, आणि त्यांना पॉलिश पेपर, शीतपेय, व्हिनेगर किंवा चंदेरी स्प्रे यांपैकी काहीतरी सुचवले जाते. वास्तविक स्पोकच्या मधल्या लांबीवर दिसणारा तांबूस थर हा या दुखण्याचा सर्वांत कमी धोक्याचा भाग आहे. स्पोक तुटतो तो जवळजवळ नेहमी दोनच ठिकाणी: हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकातून बाहेर पडताना तो जिथे वाकलेला असतो तिथे, किंवा निपलमध्ये (स्पोकला रिमशी धरून ताणणाऱ्या लहान नटामध्ये) शिरताना जिथे त्याच्यावर आटे पाडलेले असतात तिथे. चाक फिरताना जमिनीलगत येणाऱ्या स्पोकवरचा ताण प्रत्येक फेऱ्यात कमी होतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यापाशी हा बदलता ताण एकवटतो आणि तिथूनच तडा सुरू होतो. म्हणून मधला भाग घासण्यात दुपार घालवण्याआधी ही दोन टोके पाहावीत.

चाक जमिनीपासून उचलून, स्वच्छ पुसून, प्रत्येक स्पोकच्या वाकावरून आणि निपलच्या तोंडावरून नख फिरवावे. गंज पुसला जाऊन खाली धातू गुळगुळीत लागला तर तो वरवरचा आहे. नख अडकले तर तिथे खड्डा आहे, आणि तो खड्डा कोणत्याही पॉलिशने बुजत नाही. त्यानंतर लहान पान्याने प्रत्येक स्पोकवर हलकेच ठोकून आवाज ऐकावा. ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो, ढिला किंवा तडकलेला बद्द वाजतो. मागच्या चाकात दोन्ही बाजूंच्या स्पोकचा सूर वेगळा असू शकतो, त्यामुळे तुलना त्याच बाजूच्या, त्याच वाकाच्या शेजाऱ्याशी करावी.

वाकावर किंवा निपलपाशी खड्डे असलेला स्पोक बदलायचाच, त्यात वाटाघाटी नाहीत. असे दोन-तीनच असतील तर तेवढेच बदलावेत. चाकभर विखुरलेले असतील, किंवा आधीच एखादा तुटून त्याचा भार शेजाऱ्यांनी बराच काळ वाहिला असेल, तर संपूर्ण संच बदलणे शहाणपणाचे ठरते. ‘तुटेल तेव्हा बघू’ हा सल्ला चाकाच्या बाबतीत कोणीही मनावर घेऊ नये, कारण एक स्पोक तुटला की बाकीच्यांवरचा भार वाढतो आणि पुढचे स्पोक लवकर जातात.

जाम झालेले निपल

स्पोक बदलायचा असो वा नुसता कसायचा असो, गंजलेल्या चाकाचे खरे काम निपल सोडवण्यात आहे. याच टप्प्यावर मला सर्वांत जास्त झगडावे लागले, आणि सर्वांत चुकीचे सल्लेही याच टप्प्याबद्दल दिले जातात. निपलच्या आतल्या आट्यांमध्ये शिरलेले पाणी सहजासहजी सुकत नाही. तिथे तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली फट भरून स्पोक आणि निपल एकमेकांना चिकटतात. निपल ॲल्युमिनियमचे आणि स्पोक स्टेनलेसचा असेल तर गंज तांबूस नव्हे, पांढऱ्या भुकटीसारखा दिसतो. ही जोडी ओलाव्यात एकमेकांशी झगडते, ॲल्युमिनियम खाल्ले जाते, आणि असे निपल सोडवण्यापेक्षा बदलण्याचीच तयारी ठेवावी.

बाहेरून स्प्रेचा एक फवारा मारून पाच मिनिटांत पाना लावा, असे सांगणाऱ्यांनी जाम निपल कधी सोडवलेले नसते. तेल तीन ठिकाणी पोचायला हवे: स्पोक निपलमध्ये शिरतो ते तोंड, निपल रिमवर टेकते ती बैठक, आणि टायरच्या बाजूला असलेले निपलचे डोके. तिसऱ्या जागेपर्यंत पोचायचे तर टायर, ट्यूब आणि रिम टेप (ट्यूबला निपलची डोकी लागू नयेत म्हणून रिमवर घातलेली पट्टी) काढावीच लागते. चाक हाताने फिरवत, ज्या निपलला तेल द्यायचे त्याचे डोके वर आणावे, म्हणजे तेल आपल्या वजनाने आट्यांमध्ये उतरते. गंज सोडवण्यासाठी बनवलेले पातळ तेलच वापरावे. इंजिन ऑइल या कामाला फार घट्ट आहे. तेल दिल्यावर निपलच्या सपाट बाजूंवर लहान हातोडीने हलके ठोके द्यावेत, रात्रभर थांबावे, सकाळी पुन्हा तेल द्यावे, आणि तरीही घाई वाटत असेल तर आणखी एक रात्र थांबावे. हे सगळे करण्याआधी ड्रम ब्रेक असल्यास ब्रेक प्लेट बाहेर काढून ड्रमचे तोंड झाकावे आणि डिस्क असल्यास डिस्क उतरवून ठेवावी. ब्रेकवर गेलेले तेल गंजापेक्षा कितीतरी घातक असते.

पाना निपलच्या नेमक्या मापाचा हवा. मोटारसायकलच्या निपलची मापे मिलिमीटरच्या दशांशाने बदलतात, आणि किंचित सैल पाना पहिल्याच झटक्यात कडा खाऊन टाकतो. पक्कड आणि ॲडजस्टेबल पाना या कामाच्या जवळपासही येऊ देऊ नयेत. निपलच्या डोक्याला खाच असेल तर टायरच्या बाजूने पेचकस लावून तो पान्याच्या जोडीने एकाच दिशेने फिरवावा, म्हणजे जोर दोन ठिकाणी वाटला जातो.

दिशेचा घोळ फार जणांचा होतो. टायरच्या बाजूने निपलच्या डोक्याकडे पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास निपल कसले जाते. हबच्या बाजूने पाहिल्यास हेच उलट दिसते. रिमवर खडूने एक बाण काढून ठेवला तर पाना हातात धरून विचार करत बसावे लागत नाही. पहिला प्रयत्न नेहमी सोडवण्याच्या दिशेने आणि अगदी थोडा करावा. निपल हललेच नाही तर कसण्याच्या दिशेने अगदी किंचित, फार तर एक अष्टमांश फेरा, आणि पुन्हा मागे. अशा पुढे-मागे हालचालीने गंजाचा बांध फुटतो. त्याहून जास्त कसू नये, कारण गंजलेल्या स्पोकवर आपण नेमका तोच ताण वाढवत असतो ज्याने तो तुटायचा असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. निपल फिरले म्हणजे सुटले, असे कधीही समजू नये. आटे जाम असताना निपलबरोबर स्पोकही फिरतो आणि त्याला पीळ बसतो. हाताला मात्र सगळे सुरळीत चालल्यासारखे वाटते, आणि तसेच फिरवत राहिले की स्पोक आट्यांच्या सुरुवातीलाच तुटतो. यावर खात्रीचा उपाय एकच: निपलपासून बोटभर अंतरावर स्पोकला चिकटपट्टीचा लहानसा तुकडा झेंड्यासारखा चिकटवावा. निपल फिरले आणि झेंडा जागीच राहिला तर आटे सुटले. झेंडाही फिरू लागला तर तत्काळ थांबावे, निपल होते तिथे परत आणावे आणि पुन्हा तेल द्यावे. सवय झाली की हातालाही फरक कळतो. सुटणाऱ्या निपलमधून ‘कट्’ असा कोरडा, छोटा आवाज येतो आणि लगेच त्याच्या तोंडाशी तपकिरी तेलाचा एक थेंब उमटतो, ज्यात गंजाची पूड तरंगत असते. पीळ बसणारा स्पोक आवाज करत नाही, तो रबरासारखा लवचीक वाटतो आणि पाना सोडताच मागे येतो. तरीही झेंडा लावणे सोडू नये.

दोन-तीन दिवस तेल देऊनही पितळी निपल सुटत नसेल तर उष्णतेचा उपयोग होतो, कारण तापल्यावर पितळ पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते आणि निपलची पकड ढिली होते. मी यासाठी ज्योत वापरण्याच्या विरुद्ध आहे. रिमचा मुलामा किंवा रंग काळवंडतो, ॲल्युमिनियमच्या रिमला नको तितकी उष्णता बसते, आणि तेलाने माखलेल्या चाकाजवळ आग नेणे हा उघड अविचार आहे. तेल पूर्ण पुसून, जाड टोकाची सोल्डरिंग आयर्न निपलला मिनिटभर टेकवावी आणि निपल गरम असतानाच पाना लावावा. उष्णता हवी तिथेच जाते आणि रिम वाचते.

एवढे करूनही जे निपल हलत नाही त्याचा स्पोक कापावा. मात्र ताणलेला स्पोक थेट कापू नये. आधी चाकातले सुटलेले सर्व निपल थोडे-थोडे ढिले करून एकंदर ताण उतरवावा, डोळ्यांवर चष्मा चढवावा, स्पोकची दोन्ही टोके जाड कापडाने गुंडाळून धरायला कोणाला तरी सोबत घ्यावे, आणि मग बोल्ट कटरने मध्यावर कापावे. चाकभर निपल जाम असतील तर विणीची (स्पोक एकमेकांवरून कसे जातात त्याची) आणि रिम हबच्या तुलनेत किती डावी-उजवीकडे आहे याची मापे व छायाचित्रे आधी घेऊन ठेवावीत, कारण नंतर ती कुठूनही मिळत नाहीत.

घासणे, बसवणे, सरळ करणे

जे स्पोक राहणार आहेत ते लांबीच्या दिशेने नायलॉन पॅडने घासावेत. क्रोमच्या स्पोकवर पाण्यात भिजवलेली ॲल्युमिनियम फॉइल चांगली चालते, कारण ती क्रोमपेक्षा मऊ असते आणि ओरखडे पाडत नाही. जस्ताचा मुलामा असलेला करडा, निस्तेज स्पोक चमकवण्याच्या नादी लागू नये. तो निस्तेज थरच त्याचे रक्षण करत असतो, आणि ड्रिलला तारेचा ब्रश लावून तो उडवला की पुढच्या पावसात आतले पोलाद उघड्यावर गंजते. स्टेनलेसवर लोखंडी तारेचा काथ्या वापरल्यास त्याचे कण रुतून बसतात आणि तेच गंजू लागतात. टॉयलेट क्लीनरसारखी तीव्र आम्ले तर पूर्णपणे वर्ज्य मानावीत. त्यांच्या क्रियेतून सुटणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो, शिवाय ॲल्युमिनियमचा हब खाल्ला जातो. आणि गंजावर चंदेरी रंग फासणे म्हणजे खड्डे नजरेआड करणे होय. तो रंग निपलच्या तोंडात शिरला तर पुढच्या वेळी निपल सोडवणेही अवघड होते.

नवे स्पोक एकावेळी एकच, जुना काढून त्याच जागी, असे बसवावेत. हबच्या आतून येणारे आणि बाहेरून येणारे स्पोक यांच्या वाकाचा कोन बहुधा वेगळा असतो, म्हणून नवा स्पोक जुन्याशी ताडून मगच घालावा. आट्यांना आणि निपलच्या बैठकीला ग्रीसचा किंवा अँटी-सीझचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्यावा. आटे चिकटवणारे लोशन येथे लावू नये, कारण आपण इतका वेळ ज्या जामपणाशी झगडलो तोच आपण स्वतःहून विकत घेतो.

त्यानंतर चाक सरळ करावे. पाव फेऱ्याहून जास्त एकाच वेळी फिरवू नये, आणि आडवा व उभा आउट, म्हणजे चाक फिरताना रिमचे डावी-उजवीकडे व वर-खाली होणे, दोन्ही पाहावेत. अनेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन्हींची कमाल मर्यादा २ मिमी दिलेली असते, पण शांतपणे काम केल्यास चाक त्याहून बरेच चांगले बसते. स्पोक किती कसायचे याचा आकडाही मॅन्युअलमधूनच घ्यावा. निपलच्या डोक्याबाहेर आलेले स्पोकचे टोक कानशीने घासून सपाट करावे, रिम टेप नवीच घालावी, आणि मगच ट्यूब चढवावी.

नवे स्पोक सुरुवातीच्या प्रवासात आपल्या जागी बसतात आणि थोडे ढिले पडतात, म्हणून पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा ठोकून पाहावेत आणि बद्द वाजणारे थोडेसे कसावेत. तोच स्पोक दोन वेळा कसूनही ढिला पडत असेल तर त्याचे आटे किंवा निपल गेलेले आहे, ते बदलावे. त्यापुढे गाडी धुताना प्रेशर वॉशरचा झोत निपलवर धरू नये, धुतल्यावर स्पोक कोरडे पुसावेत, पावसाळ्यापूर्वी त्यांवर मेणाचा हात द्यावा, आणि टायर बदलण्यासाठी चाक उतरेल त्या प्रत्येक वेळी निपलच्या डोक्यावर तेलाचा एकेक थेंब सोडून प्रत्येक निपल अष्टमांश फेरा सोडून पुन्हा होते तिथे आणून ठेवावे.