ऊसतोड टोळीतल्या लेकरांना गावच्या अंगणवाडीत कसं आणावं

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. आई-बाप पहाटेच उसाच्या फडात जातात. पुढचे पाच-सहा महिने लेकराचं नाव राहतं गावाकडच्या अंगणवाडीत आणि लेकरू राहतं तुमच्या शिवारातल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. तुमच्या गावात टोळी उतरली असेल, तर एवढं करा.

आधी टोळी आणणाऱ्या मुकादमाला भेटा. त्याला डावलून टोळीच्या तळावर गेलात, तर बाया बोलायला कचरतात. मग टोळी फडातून परतली की सहा वर्षांखालच्या मुलांची नावं, वयं आणि आईचा मोबाइल नंबर लिहून घ्या.

लसीकरणाचं कार्ड बहुतेकदा घरीच राहिलेलं असतं. गावाकडच्या आशाताईंना फोन करून त्याचा फोटो मागवा. एखादा डोस चुकला असला तरी सुरुवातीपासून सगळे द्यावे लागत नाहीत, राहिलेले तेवढे देतात. हे आयांना नीट सांगा, नाहीतर संकोचापोटी त्या येतच नाहीत.

यादी अंगणवाडी सेविकेकडे द्या. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर मुलाचं नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे बदलून घेता येतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार असतो, तीन ते सहा वर्षांच्यांना अंगणवाडीतच गरम जेवण. तळ लांब असेल तर ने-आण कोण करणार, हे त्याच दिवशी ठरवा. सगळं अडतं ते इथेच.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर (दंडाचा घेर) सेविकेकडून पट्टीने मोजून घ्या. माप ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलं तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्ये मध्यम. दोन्ही पावलं सुजलेली असतील आणि अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. मनाने पावडरी, टॉनिकं देऊ नका.

धाकट्याला सांभाळणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या ताईकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. धाकटं अंगणवाडीत गेलं की तिला जवळच्या शाळेत बसवा. रोज ठरल्या वेळी तासभर खेळ घ्या. ती गप्पगप्प राहू लागली, दचकू लागली, तर चारचौघांत विचारू नका. तिला धोका वाटला तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा, मनाच्या त्रासासाठी १४४१६ या टेलि-मानस हेल्पलाइनवर सल्ला मिळतो.

पट्टा पडायच्या, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायच्या, आठवडाभर आधी लसीकरणाच्या कार्डावरच्या नोंदी पूर्ण करून घ्या आणि त्याचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये आणि गावाकडच्या आशाताईंना पाठवा.