मुक्तविचारी विद्यार्थी मंडळांचा इतिहास कसा अभ्यासावा: केंब्रिज आणि बुडापेस्ट

विसाव्या शतकाच्या आरंभी धर्मसत्तेला आणि रूढ मतांना उघड आव्हान देणारी विद्यार्थी मंडळे युरोपातील काही विद्यापीठांत उभी राहिली. त्यांचा अभ्यास तिथे बोलून गेलेल्या थोरामोठ्यांच्या नावांपासून सुरू न करता, मंडळ ज्या वादातून जन्मले त्या वादापासून सुरू करावा. केंब्रिजमध्ये एमॅन्युएल कॉलेजचे प्रमुख विल्यम चॉनर यांनी १९०९ साली श्रद्धेच्या विधानांनाही पुरावा मागणारा निबंध मांडला. त्यावरून उठलेल्या गदारोळातच विद्यार्थी सी. के. ऑग्डेन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'हेरेटिक्स', म्हणजे पाखंडी, हे नाव आपण होऊन घेतले. हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, कायद्याचे प्राध्यापक ग्यूला पिक्लेर यांच्यावर धर्मनिष्ठ व राष्ट्रवादी विद्यार्थी तुटून पडले, तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्यांनी १९०८ साली गॅलिलिओ मंडळ स्थापन केले; पुढे अर्थविचारवंत म्हणून गाजलेले कार्ल पोलानी त्याचे पहिले अध्यक्ष होते.

त्यानंतर सभासदत्वाची अट वाचावी आणि तिचा प्रत्येक शब्द तोलावा. धार्मिक प्रश्नांच्या चर्चेत शब्दप्रामाण्य, म्हणजे कोणा अधिकाऱ्याच्या वा ग्रंथाच्या शब्दाखातर मानणे, सर्वस्वी नाकारणे, ही हेरेटिक्सची अट होती. ती नास्तिकतेची अट नव्हती, हा भेद निसटला तर पुढचे सारे वाचन चुकते. १९११ साली नाटककार बर्नार्ड शॉ यांनी या मंडळापुढे धर्माच्या भवितव्यावर व्याख्यान दिले आणि त्याच वर्षी त्यांना उत्तर देण्यासाठी श्रद्धावान लेखक चेस्टरटन यांनाही तिथेच व्यासपीठ मिळाले. मंडळात स्त्रियाही सभासद होत्या, हे मला त्याहून मोलाचे वाटते, कारण खुद्द विद्यापीठाने त्यांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडले.

व्याख्यानांची नोंद करताना भाषणाचा दिवस आणि छपाईचे साल वेगवेगळे लिहावे. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचे हेरेटिक्सपुढचे १९२३ मधील व्याख्यान लगेच पुस्तकरूपाने आले. तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइन यांनी तिथेच नोव्हेंबर १९२९ मध्ये नीतिशास्त्रावर दिलेले व्याख्यान मात्र १९६५ साली छापले गेले. श्रोत्यांनी ऐकलेला मजकूर आणि आपल्या हातातला मजकूर एकच आहे असे गृहीत धरू नये.

बुडापेस्टच्या बाबतीत व्याख्यानांवर थांबणे मुळीच पुरेसे नाही. गॅलिलिओ मंडळाचे विद्यार्थी कामगारांना लिहा-वाचायला शिकवत, आणि महायुद्धाच्या काळात त्यांच्यातील एका गटाने युद्धविरोधी पत्रके वाटली. जानेवारी १९१८ मध्ये त्या गटातील इलोना दुचिन्स्का यांच्यासह काहींना अटक झाली आणि पोलिसांनी मंडळाला टाळे ठोकले. म्हणून इथे पोलीस आणि न्यायालयाचे दप्तर हे मोठे साधन ठरते. मात्र राजद्रोह सिद्ध करायला निघालेला सरकारी पक्ष विस्कळीत गटालाही शिस्तबद्ध कट म्हणून रंगवतो, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.

शेवटी पिढ्या वेगळ्या काढाव्यात. संस्थापक पोलानी युद्धकाळात सैन्यात अधिकारी होते आणि पत्रके वाटणारे त्यांच्यापेक्षा तरुण होते, त्यामुळे १९०८ चे मत १९१८ च्या सभासदांच्या तोंडी घालणे चूक ठरेल. या दोन पिढ्यांची गाठ पुढे व्हिएन्नात पडली: हंगेरीतील ऑक्टोबर १९१८ च्या क्रांतीने तुरुंगातून सुटलेल्या दुचिन्स्का आणि पोलानी तिथे भेटले आणि १९२३ साली विवाहबद्ध झाले.