पहिला प्रोग्रॅमर आणि पहिली तंत्रनिवड

तंत्रज्ञान कोणते वापरायचे, यावर नव्या स्टार्टअपचे संस्थापक महिनोन्‌महिने खल करतात; माणसे घेण्याचे काम मात्र गरज अंगावर आली की घाईने उरकतात. खरे तर हा एकच निर्णय आहे, कारण आज निवडलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरून उद्या नोकरीसाठी कोण अर्ज करणार हे ठरते.

पुण्यात कंपनी काढत असाल, तर कोडची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी एखाद्या जॉब पोर्टलवर मनातल्या तंत्रज्ञानाचे नाव टाकावे आणि तीन ते पाच वर्षांचा अनुभव असलेले, आपल्या पगारात बसणारे उमेदवार शहरात किती आहेत ते मोजावे. जावा, पायथन किंवा पीएचपीसाठी यादी संपता संपत नाही. एलिक्सर किंवा हॅस्केल या कमी वापरातल्या भाषांसाठी ती लवकर संपते. त्यात मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये नोटीस पीरियड बहुधा 90 दिवसांचा असतो. आज होकार देणारा माणूस तीन महिन्यांनी येतो, आणि त्या काळात तुमचे ऑफर लेटर दाखवून दुसरीकडे जास्त पगार मिळवला, तर येतही नाही. म्हणून जागा भरायची असेल त्याच्या चार-पाच महिने आधी शोध सुरू करावा आणि होकार दिलेल्याशी दर आठवड्याला बोलत राहावे.

तंत्रज्ञान जुने आणि रुळलेले असावे. एप्रिल 2012 मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिथे अवघी 13 माणसे होती आणि सगळा डोलारा पायथन, जँगो (पायथनमध्ये वेबसाइट उभारण्याची तयार चौकट) व पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर उभा होता. त्यांतल्या पोस्टग्रेसचे मूळ 1986 साली बर्कलीत सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. इतक्या जुन्या डेटाबेसमध्ये तुम्हाला येणारी अडचण आधी कोणाला तरी आलेली असते आणि तिचे उत्तर शोधल्यावर सापडते. तीन माणसांच्या कंपनीला याहून मोठी मदत कोण करणार?

याला व्हॉट्सॲपचा अपवाद सांगितला जातो, पण तो नीट पाहावा. एर्लांगसारखी आडवाटेची भाषा वापरून त्यांनी 2014 मध्ये सुमारे 50 कर्मचाऱ्यांच्या बळावर 45 कोटी लोकांचे निरोप पोहोचवले, हे खरे. परंतु ती भाषा एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठीच घडली होती आणि व्हॉट्सॲपचे कामही त्याच जातकुळीचे होते. तुमच्या धंद्याचा गाभा असेल तिथे एखादी अनोखी निवड जरूर करावी. लॉगिन, बिले आणि अहवाल यांसाठी ती चैन नको. चार जणांच्या टीमने मायक्रोसर्व्हिसेसच्या, म्हणजे एकच सॉफ्टवेअर अनेक छोट्या, स्वतंत्र चालणाऱ्या भागांत तोडण्याच्या, वाटेला तर जाऊच नये.

पहिला प्रोग्रॅमर निवडताना कोडी घालण्यापेक्षा आपल्याच कामातला एक छोटा तुकडा मोबदला देऊन करून घ्यावा आणि नंतर त्याच्यासोबत तो कोड वाचावा. काय लिहिले यापेक्षा काय मुद्दाम टाळले, हे विचारले की माणूस लवकर कळतो. सगळे येते असे सांगणाऱ्यापेक्षा ग्राहकाचा फोन घ्यायला न लाजणारा मी आधी घेईन. यावर मतभेद असू शकतात.

काम फ्रीलान्सरकडून करून घेत असाल, तर कागदपत्रांत कसूर नको. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा 1957 नुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून कर्मचाऱ्याने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो; फ्रीलान्सरने लिहिलेला कोड मात्र केवळ पैसे चुकते केल्याने तुमचा होत नाही. त्यासाठी लेखी, सहीनिशी हस्तांतरण लागते, आणि त्यात मुदत व प्रदेश नमूद नसेल तर कायदा ते पाच वर्षांपुरते आणि भारतापुरतेच धरतो. गुंतवणूकदाराचा वकील हाच कागद आधी मागतो. याउलट, नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, असे कलम करारात घालून निर्धास्त राहू नये. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 पुढे ते सहसा टिकत नाही.

पगार कमी देऊन शेअर देणार असाल, तर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारे आणि पहिले वर्ष पूर्ण झाल्याशिवाय न मिळणारे ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, ठेवावेत. त्यांचे अंदाजे मूल्य, ते वापरताना भरावी लागणारी रक्कम आणि तेव्हा लागणारा कर, हे तिन्ही आकडे ऑफर लेटर देण्याआधी उमेदवाराला समोर बसवून सांगावेत.