कुंडीतला गवती चहा: लावणी, कापणी आणि वापर

गवती चहाचे बी शोधत बसण्याचे कारण नाही. हे गवत क्वचितच फुलोऱ्यावर येते आणि त्याची लावणी ठोंबापासूनच केली जाते. बाजारातल्या जुडीत बहुधा नुसती कापलेली पात असते व ती रुजत नाही, त्यामुळे ओळखीच्या एखाद्या घरच्या जुन्या बेटातून बुडाशी मुळे असलेले दोन-तीन फुटवे मागून आणणे हा सर्वांत सोपा आणि बिनखर्ची मार्ग होय. आणताना पान चुरगाळून लिंबासारखा वास येतो ना, हे पाहावे आणि बुंधा फिकट हिरवट-पांढरा असल्याची खात्री करावी, कारण तांबूस बुंध्याचे सिट्रोनेला गवत दिसायला असेच असले तरी ते चहात घालायचे नव्हे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला केलेली लावणी सहज जीव धरते. फुटव्याची पाने वीतभर ठेवून वरची छाटावीत, म्हणजे नवी मुळे फुटेपर्यंत पानांवाटे पाणी फार उडून जात नाही. किमान 12 इंच रुंदीची कुंडी, निचऱ्याची माती, तिच्यात चांगले कुजलेले शेणखत आणि दिवसाचे सहा तास ऊन एवढ्यावर हे गवत भागवते. बुडाशी पाणी साचणे मात्र त्याला सोसत नाही, आणि सावलीत ठेवल्यास बेट विरळ व मलूल राहते.

तीन-चार महिन्यांनी पहिली कापणी करता येते. पानांच्या कडा बोट कापण्याइतक्या धारदार असल्याने पात ओढून तोडू नये. जमिनीपासून सुमारे 10 सेंटीमीटर ठेवून कात्रीने कापावी. कापण्यात कंजुषी करू नये, कारण कापलेले बेट नव्या जोमाने फुटते. दोन-तीन वर्षांनी बेट दाटून मधला भाग वाळू लागला की ते उपटून, फुटवे वेगळे करून पुन्हा लावावे. उरलेले फुटवे मागणारे कोणी ना कोणी भेटतेच.

या पातीचा वास मुख्यतः सिट्रल या द्रव्यामुळे येतो आणि ते वाफेबरोबर उडून जाते. म्हणून पात सुरुवातीपासून खळखळ उकळण्याची आपल्याकडची सवय मला पटत नाही. आधी आले, साखर व चहापत्ती उकळून घ्यावी, गॅस बंद करताना पातीचे तुकडे घालावेत, पाच मिनिटे झाकण ठेवावे आणि मग गाळून वेगळे तापवलेले दूध मिसळावे. जास्तीची पात सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवता येते, परंतु दारात बेट असताना ताजीच वापरावी.