ओटा ग्रॅनाइटचा, क्वार्ट्झचा की सनमायकाचा? सिंक घेताना या चुका टाळा

स्वयंपाकघराचं काम निघालं की सिंकची आठवण सगळ्यात शेवटी होते. दगड ठरलेला असतो, कापणारा कारागीर दारात उभा असतो, आणि मग घाईघाईने मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारात जाऊन दिसायला चकचकीत असेल ते सिंक उचललं जातं. पुढे सहा महिन्यांत सिंकच्या कडेला काळी बुरशी धरते, खालची ट्रॉली फुगते किंवा दगडाला कोपऱ्यातून चीर जाते. दोष सिंकवर ढकलला जातो. बहुतेक वेळा सिंक चांगलंच असतं, फक्त त्या दगडासाठी ते नसतं.

सिंकसाठी ओटा कापला की दगडाची आतली कड उघडी पडते. रोजचं पाणी, साबण, लिंबू-चिंच आणि कुकर-कढईचे धक्के त्याच कडेवर येतात. ती कड हे सगळं सोसणारी असेल तर सिंक दगडाच्या खालून लावता येतं. नसेल तर सिंकची पट्टी दगडावर बसायला हवी, म्हणजे कड झाकली जाते. म्हणून आधी दगड आणि मग सिंक, हाच क्रम ठेवा.

दगड न बघता खालून बसवायचं सिंक घेणं

काळा ग्रॅनाइट या बाबतीत सगळ्यात मोकळा. १६ ते १८ मिमी जाडीच्या ग्रॅनाइटची कड पॉलिश होते, आंबट पदार्थांनी तिला डाग पडत नाहीत, आणि सिंक वरून लावा किंवा खालून, दोन्ही चालतं. काळजी एकच घ्यायची: स्वस्तातला काळा ग्रॅनाइट कधी कधी रंगवलेला असतो. पांढऱ्या फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन दगड घासून बघा. फडक्याला काळं लागलं तर सिंकच्या भोवतालचा भाग वर्षा-दोन वर्षांत राखाडी पडणार हे धरून चाला. फिकट रंगाचा ग्रॅनाइट पाणी शोषतो आणि सिंकभोवती गडद पट्टा दिसू लागतो. तिथे कापलेली कड पॉलिश करून वर सीलर (पाणी मुरू न देणारं द्रावण) मारल्याशिवाय सिंक बसवू देऊ नका. कड पॉलिश केली, पण खालचा पृष्ठभाग सीलर न मारता सोडला, तरी पाणी तिथून वर चढतं.

क्वार्ट्झ पाणी शोषत नाही, त्यामुळे खालून बसवलेलं सिंक त्याला शोभतं आणि टिकतंही. पण त्यात रेझिन (दगडाचा चुरा धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) असतं, आणि गॅसवरून उतरवलेली कढई थेट सिंकच्या काठावर टेकवली की रेझिन पिवळं पडतं किंवा कोपऱ्याला तडा जातो. तिथे तापलेलं भांडं ठेवायची सवय असेल तर सिंकशेजारी एक स्टीलची जाळी कायमची ठेवावी.

संगमरवर आणि कडाप्पा हे चुनखडीच्या कुळातले. लिंबू, कोकम, चिंच यांचं पाणी सांडलं की चकाकी जाऊन बोथट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. अशा दगडावर रुंद पट्टीचं, वरून बसणारं सिंकच घ्या. नॅनो व्हाइट काचेच्या जातीचा असल्याने त्याच्या कापलेल्या कडेचे टवके उडतात. १२ मिमीच्या पोर्सिलेन स्लॅबचंही तसंच. कुकरचं झाकण दोनदा आपटलं की कड खरवडली जाते. दोन्हीकडे पट्टी वरून हवी.

कोरियन (Corian) या ब्रँडसारख्या ॲक्रिलिक ओट्याला त्याच मटेरियलचं सिंक सांधा न दिसता जोडून मिळतं. आवडलं तर जरूर घ्या, पण उकळतं पाणी ओतताना थंड नळ सोबत चालू ठेवा.

प्लायवूड किंवा एमडीएफवर सनमायका लावलेल्या ओट्याला खालून सिंक लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कापलेल्या कडेतून पाणी आत गेलं की लाकूड फुगतं, आणि फुगलेलं पुन्हा बसत नाही. तिथे वरून बसणारं सिंक हवं. कापलेल्या कडेला आधी इपॉक्सीचे दोन हात द्या, ते वाळू द्या, मगच सिंक बसवा.

सिंक कडाप्पा आणि ग्रॅनाइटच्या मध्ये चिणणं

ही चूक मुंबईच्या ओट्यांत सर्रास होते. आपल्याकडे आधी कडाप्प्याचे उभे पाय, त्यावर आडवा कडाप्पा आणि वर ग्रॅनाइट अशी रचना असते. खालून बसवायचं सिंक असेल तर कारागीर सिंकची पट्टी कडाप्प्यावर टेकवतो, वरून ग्रॅनाइट चिकटवतो आणि मोकळा होतो. सिंक पक्कं बसतं, हलत नाही, म्हणून सगळे खूश. दहा वर्षांनी सिंक बदलायची वेळ आली की कळतं की ग्रॅनाइट फोडल्याशिवाय ते निघणारच नाही.

त्यावर उपाय काम सुरू असतानाच आहे. आडव्या कडाप्प्यातलं भोक सिंकच्या बाहेरच्या मापापेक्षा चारही बाजूंनी किमान एक इंच मोठं कापून घ्या. दोन उभ्या पायांमधलं अंतरही सिंकच्या बाहेरच्या लांबीपेक्षा निदान दोन इंच जास्त हवं, म्हणजे २४ इंची सिंकला २६ इंच. मग सिंक खालून वर नेऊन ग्रॅनाइटला लावता येतं आणि पुढे कधीतरी खालूनच काढता येतं.

आता ते टिकणार कशावर? नुसत्या सिलिकॉनवर टांगलेलं सिंक आम्ही कोणालाच सुचवणार नाही. आतून २२ बाय १६ इंच आणि ९ इंच खोल असलेल्या सिंकमध्ये काठोकाठ सुमारे ५२ लिटर पाणी मावतं, म्हणजे ५२ किलो वजन, वर भांडी वेगळी. खाली दोन्ही बाजूंना स्टेनलेस स्टीलचे अँगल किंवा पट्ट्या उभ्या पायांना स्क्रूने बांधून त्यांवर सिंक टेकवा. सिलिकॉनचं काम फक्त पाणी अडवायचं. लोखंडी अँगल लावू नका. सिंकखालच्या दमट हवेत तो गंजतो आणि गंजाचे डाग स्टीलवरही उतरतात.

कोपरे काटकोनात कापणं आणि पुढची पट्टी बारीक ठेवणं

कटरने दोन सरळ रेषा एकमेकींना भेटवल्या की कोपऱ्यात ताण साठतो, आणि बहुतेक चिरा तिथूनच निघतात. आधी चारही कोपऱ्यांत ड्रिलने गोल भोकं पाडायची, मग ती रेषेने जोडायची. कोपऱ्याची गोलाई किमान १० मिमी हवी. आजकालच्या हातबनावटीच्या सिंकचे कोपरे जवळजवळ चौकोनी असतात, म्हणून दगडही तसाच कापायचा मोह होतो. तो टाळा.

ओट्याची रुंदी साधारण २४ इंच असते. सिंकची बाहेरची रुंदी १८ इंच धरली तर सहा इंच उरतात. त्यातले अडीच पुढे, साडेतीन मागे ठेवा. पुढची पट्टी दोन इंचांपेक्षा कमी झाली तर ओटा उचलून आणतानाच ती तुटू शकते. मागे नळासाठी ३५ मिमीचं भोक लागतं, आणि दांडीचा नळ असेल तर दांडी मागे वळताना टाइलला आपटता कामा नये. २० इंच रुंद सिंक घेतलं की हे गणित फसतं. तेवढंच मोठं हवं असेल तर नळ भिंतीत घ्या, नाहीतर नळाची जागा सिंकवरच असलेलं मॉडेल बघा. ओटा २२ इंचांचा असेल तर १६ इंचांच्या पुढे जाऊच नका.

ओट्याचे दोन तुकडे जोडायचे असतील तर सांधा सिंकच्या भोकापासून किमान सहा इंच दूर ठेवा. सिंकला लागून आलेल्या सांध्यात पाणी मुरतं आणि तो काळा पडतो.

सिंक घरात येण्याआधी दगड कापू देऊ नका. खोक्यावर छापलेलं माप आणि प्रत्यक्ष सिंक यांत काही मिलिमीटरचा फरक निघतो. खालून लावताना कड सिंकच्या आत किती आणायची हेही आधीच ठरवा. दगड चार-पाच मिमी आत आला तर सांधा झाकला जातो, पण त्याच्या खालच्या खाचेत खरकटं अडकतं आणि पावसाळ्यात वास येतो. आमचं मत सांगायचं तर स्टीलची पट्टी दोन-तीन मिमी दिसलेली बरी, कारण फडकं सगळीकडे पोचतं.

खोलीचा मोह

१० इंच खोल सिंकमध्ये परात आणि कुकर सहज मावतात हे खरं, पण भिंतीतलं ड्रेनेजचं तोंड किती उंचीवर आहे ते आधी मोजा. ओटा जमिनीपासून ३३ इंच धरा. दगडाची जाडी आणि १० इंच वजा केले की सिंकचा तळ सुमारे २२ इंचांवर येतो. त्याखाली कपलिंग (जाळीखालचा जोड) आणि बॉटल ट्रॅप (वास अडवणारं बाटलीच्या आकाराचं भांडं) यांना सहा ते आठ इंच लागतात. म्हणजे भिंतीतलं तोंड १४ इंचांच्या आसपास किंवा त्याखाली हवं. जुन्या इमारतीत ते १८ इंचांवर असेल तर पाणी तुंबणार, आणि प्लंबर वाकडातिकडा लवचीक पाइप लावून वेळ मारून नेणार. त्या पाइपच्या वळणात तेलकट गाळ साचतो. तोंड खाली घेता येत नसेल तर आठ इंच खोलीचं सिंक घ्या, आणि वरून बसणारं घेतलंत तर दगडाच्या जाडीएवढी उंचीही वाचते.

लोहचुंबक लावून स्टील पारखणं

चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ ग्रेडचं चांगलं स्टेनलेस स्टील, हा समज चुकीचा आहे. २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि ते लवकर डागाळतं. पारखण्यासाठी तपासणीचं द्रावण मिळतं. दुकानदाराला सिंकच्या मागच्या बाजूला एक थेंब टाकायला सांगा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. जाडी एक मिमीपेक्षा कमी नको.

वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या घरांत ३०४ वरही चहाच्या रंगाचे ठिपके येतात. तो बहुधा खाऱ्या हवेचा वरवरचा थर असतो. मऊ स्पंजने, स्टीलच्या रेघांच्या दिशेने पुसला की जातो. तारेची घासणी वापरली तर तिचे कण सिंकमध्ये राहतात आणि तेच गंजतात.

नव्या सिंकला खरा धोका असतो तो काम संपताना टाइल धुवायला वापरलेल्या ॲसिडचा. ते अंगावर पडायची गरज नसते, बंद खोलीतल्या वाफेनेही स्टीलवर खड्डे पडतात. ॲसिडचं काम आधी उरका, खिडक्या उघड्या ठेवून सगळं धुऊन काढा, मगच सिंकची प्लास्टिकची फिल्म काढा.

काळं क्वार्ट्झचं सिंक घेणार असाल तर आधी पाणी कुठलं येतं ते बघा. मुंबईत तलावांतून येणारं पालिकेचं पाणी मऊ आहे. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर काळ्यावर पांढरे थर रोज दिसतील.

पांढरं सिमेंट आणि आंबट वासाचं सिलिकॉन

सिंकच्या कडेला पांढरं सिमेंट भरू देऊ नका. भांडी आपटली की ते तडकतं आणि फटीतून पाणी खाली उतरतं. सिलिकॉन घेताना न्यूट्रल आणि बुरशीरोधक असं लिहिलेलं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन संगमरवर आणि कडाप्प्यावर डाग पाडतं. दोन्ही बाजू स्पिरिटने पुसून कोरड्या करा, एकसंध रेघ भरा, आणि २४ तास नळ उघडू नका.

गळतंय, पण नेमकं कुठून?

सिंकखालचा सगळा भाग कोरडा करून खाली वर्तमानपत्र पसरा. पहिल्यांदा मगाने थेट जाळीत पाणी ओता, कड भिजू देऊ नका. कागद भिजला तर गळती कपलिंग किंवा ट्रॅपमध्ये आहे. कोरडा राहिला तर कडेकडेने थोडं थोडं पाणी सोडा. आता भिजला तर सिलिकॉन सुटलंय. ते पूर्ण खरवडून नव्याने भरा, जुन्यावर नवा थर चिकटत नाही. दोन्ही वेळा कोरडाच असेल तर नळ चालू करा आणि नळाच्या बुडाशी हात लावून बघा. शेवटी सिंक काठोकाठ भरून तासभर ठेवा आणि बूच एकदम काढा. एवढं पाणी एकाच वेळी गेलं की ट्रॅपचा ढिला आटा लगेच सापडतो.

पावसाळ्यात सिंकच्या तळाला बाहेरून घाम येतो. तो गळतीसारखाच दिसतो. थेंब संपूर्ण तळावर सारखे पसरले असतील तर तो दवच आहे. ज्या सिंकच्या तळाला रबराचा थर किंवा कोटिंग असतं त्याला हा त्रास कमी होतो. खालच्या कपाटाला आयएस ७१० चं (मरीन, म्हणजे ओल सोसणारं) प्लायवूड वापरलं असेल तर ते सहज फुगत नाही.

कोपऱ्याला केसासारखी चीर दिसली तर थांबू नका. खालून आधार द्या, चीर पूर्ण वाळवा आणि पातळ इपॉक्सी भरून घ्या. कारागीर दगडाच्या खाली खाच मारून सळई बसवणार असेल तर ती स्टेनलेस स्टीलची किंवा फायबरची हवी. लोखंडी सळई गंजून फुगते आणि तीच पुढे दगड फोडते.