निर्यातीतला वाटा मोजताय? या चुका टाळा

सगळ्यात जुनाट चूक छेदाची. 2023-24 मध्ये भारताच्या एकूण माल-निर्यातीतला साधारण 18 टक्के माल अमेरिकेला गेला. नवीन पोरं यावरून बिनधास्त लिहितात, ‘अमेरिकी बाजारात भारताचा वाटा 18 टक्के’. अमेरिकेच्या आयातीत आपण 2023 मध्ये तीन टक्क्यांच्याही आत होतो! मी आधी पेन्सिलने कागदावर छेद लिहितो, एक्सेल मग उघडतो. पोरांना यात वेळ जातो असं वाटतं. मग अख्खा अहवाल पुन्हा करायला तो जातोच.

वाटा घटला म्हणजे व्यापार घटला, असंही नाही. अमेरिकेच्या आयातीत 1990 साली जपानचा वाटा सुमारे 18 टक्के होता, 2023 मध्ये पाचाच्या आत. पण डॉलरमध्ये जपानचा माल 90 अब्जांवरून 147 अब्जांवर गेला. टक्क्यांच्या शेजारी रक्कम हवीच.

आता माझा खास राग. गोव्यातल्या वास्कोच्या एका ऑफिसात खाणबंदीच्या काळात एका पोराने आलेख आणला: चीनच्या लोहखनिज आयातीत भारताचा वाटा कोसळलेला. खाली कारण लिहिलेलं, ‘चीनची मागणी घटली’. बाहेर खनिज वाहणाऱ्या बार्जी रिकाम्या नांगरून पडलेल्या. मी विचारलं, ‘‘अरे, तुझ्या मामाचे ट्रक सावर्ड्याला का उभे आहेत?’’ ‘‘मायनिंग बंद आहे ना, सर.’’ ‘‘मग हे काय लिहिलंस?’’

चीनची आयात 2012 मध्ये 74 कोटी टनांच्या आसपास होती, 2014 मध्ये 93 कोटींच्या. मागणी वाढतच होती. 2011 मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या खाणी थांबल्या, सप्टेंबर 2012 मध्ये गोव्याच्या. आपल्याकडून माल निघालाच नाही आणि ऑस्ट्रेलियाने वाढीव जहाजं भरली. रेष खाली गेली की मी आधी विकणाऱ्याच्या दारात जाऊन बघतो: बंदी, निर्यात शुल्क, संप. गिऱ्हाईक नंतर.

बाकीचं थोडक्यात. 2009 किंवा 2020 हे आधारवर्ष धरू नका. त्या मंदीच्या खड्ड्यातून मोजलं तर कोणीही पहिलवान दिसतो. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, चीन-अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. मासिक आकडे घेऊन जुळवा, नुसता मथळा बदलू नका. नेदरलँड्सचा आकडा फुगलेला दिसला तर रॉटरडॅम बंदर आठवा, तिथे उतरलेला बराच माल पुढे जर्मनीला जातो. एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचे जागतिक क्रमांक, 2012, 2017 आणि 2022 मध्ये बदललेत. आणि युरोपीय संघाची जुनी बेरीज घेताना त्यात ब्रिटन धरलाय का, तेवढं बघा.